माइंड मॅप काढलात? आता वही मिटा

"पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा", मार्क २. मधे एक गोल, चार बाजूंना चार रिकामे चौकोन, आणि आपण गाइडमधून पाठ केलेले चार शब्द त्यात बसवून मोकळे. महाराष्ट्र बोर्डातून शिकलेल्या बऱ्याच जणांनी माइंड मॅपचा हा गरीब चुलतभाऊ कधी ना कधी भरलेला आहे, फक्त तेव्हा त्याला कोणी माइंड मॅप म्हणत नव्हतं.

परवा माझी नववीतली भाची मान्सूनचा माइंड मॅप घेऊन आली. मधे ढग, त्यातून निघालेल्या जाड फांद्या, वारे, सह्याद्री, एल निनो, शेती, प्रत्येकीला वेगळं स्केचपेन, दीड तास खर्ची. दिसायला एक नंबर! मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाली तीसेक किलोमीटरवर वाईला हजाराच्याही आत, असं का गं? शांतता. "आत्या, ते लिहिलंय ना त्यात, बघू दे." लिहिलेलं होतंच, पण कागदावर, डोक्यात नाही.

माइंड मॅप हे नाव जगभर पोचवलं टोनी बुझान या ब्रिटिश माणसाने, १९७४ साली बीबीसीवरच्या त्याच्या कार्यक्रमातून. आयडिया मात्र जुनी आहे, तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने ॲरिस्टॉटलच्या वर्गवारीची जी मांडणी केली तिचं पुढे झाडच काढायला लागले, तेराव्या शतकात रामोन युल या विचारवंताने ज्ञानाची झाडं काढली, आणि आपली वंशावळ तरी दुसरं काय असते. बुझानने त्याचे नियम बसवले, एका फांदीवर एकच शब्द, रंग, चित्रं, मधे जाड आणि टोकाला बारीक. इथपर्यंत ठीक. पण सोबत उजवा मेंदू रंग-चित्रांचा, डावा मेंदू शब्दांचा असलं जे काय चिकटलं ते सोडून द्या. रॉजर स्पेरीला १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते ज्या प्रयोगांसाठी, त्यातल्या पेशंटच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा फिट्सच्या इलाजासाठी कापलेला होता. तुमचा माझा पट्टा शाबूत आहे, दोन्ही बाजू एकत्रच काम करतात, गुलाबी पेन उचललं म्हणून उजवी बाजू जास्त जोरात चालायला लागत नाही.

मग फायदा होतो तो कशामुळे? एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतात अशा गोष्टी फार थोड्या असतात, नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये जुने प्रयोग चाळून आकडा काढला तो साधारण ४. किराण्याची चोवीस वस्तूंची यादी म्हणूनच लक्षात राहत नाही, पण तीच डाळी, मसाले, साबण-सोडा, न्याहारीचं अशी लावली की चार खुंट्या लक्षात ठेवायच्या आणि बाकीचं त्यांना लटकलेलं आपोआप येतं. १९६९ मध्ये गॉर्डन बॉवर आणि सहकाऱ्यांनी हेच मोजून दाखवलं. ११२ शब्द, एका गटाला नीट उतरंडीत दिले, म्हणजे खनिजं, त्याखाली धातू आणि दगड, धातूखाली मौल्यवान, साधे, मिश्र असं, आणि दुसऱ्या गटाला तेच शब्द त्याच आकृतीत पण कुठेही कसेही टाकून दिले. पहिल्याच फेरीत उतरंडवाल्यांना ६५ टक्के आठवले, दुसऱ्यांना १८. आकृती दोघांकडे सारखीच होती हे महत्त्वाचं, फरक पडला तो कोणाखाली कोण बसतं याने.

त्याच वर्षी कॉलिन्स आणि क्विलियन या संशोधकांनी लोकांना सोपी वाक्यं दाखवून खरं की खोटं विचारलं. कॅनरी पिवळी असते, हो. कॅनरीला त्वचा असते, हो, पण हे सांगायला थोडा जास्त वेळ लागला, जणू डोकं कॅनरीवरून पक्ष्यावर आणि पक्ष्यावरून प्राण्यावर जिने चढून गेलं. म्हणजे आपल्या डोक्यातही झाडच आहे? तेवढं सरळ नाही निघालं ते. चिमणीसारखा नेहमीचा पक्षी "पक्षी" म्हणून चटकन ओळखला जातो, पेंग्विनला वेळ लागतो, खरं तर दोघंही त्याच फांदीवर बसायला हवेत. १९७५ मध्ये कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी झाडाऐवजी जाळं मांडलं, एक गाठ हलली की जवळच्या गाठी जास्त हलतात, लांबच्या कमी.

आणि इथेच बुझानच्या चित्राची अडचण होते, कारण त्यात फांदीतून फांदी फुटते पण एका फांदीचं टोक दुसरीला सहसा भेटत नाही. भाचीच्या कागदावर वाई सह्याद्रीखाली होती आणि शेतीखाली पण होती, दोन वेगळ्या वाया असाव्यात तशा. कॉर्नेल विद्यापीठातले जोसेफ नोवाक यांनी १९७० च्या दशकात जे कॉन्सेप्ट मॅप आणले त्यात आडवे बाण चालतात, आणि प्रत्येक बाणावर लिहावं लागतं, "मुळे", "अडवतो", "वर अवलंबून", असं काहीतरी. कंटाळवाणं आहे खरं! पण बाणावर काय लिहायचं ते सुचलं नाही की तिथेच कळतं आपल्याला काय समजलेलं नाही ते. साध्या रेघेला हे विचारता येत नाही, ती काहीही जोडते.

कामाच्या प्लॅनिंगला मी स्वतः माइंड मॅप वापरते, पण फक्त सुरुवातीला, डोक्यात सगळा पसारा असतो आणि काय आधी काय नंतर हेच ठरलेलं नसतं तेव्हा. क्रम ठरला की सरळ यादी बरी. पुरणपोळीच्या रेसिपीचा माइंड मॅप कोणी करू नये.

अभ्यासाबद्दल मात्र एक प्रयोग सांगायलाच हवा. २०११ मध्ये कार्पिक आणि ब्लंट या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विज्ञानाचा उतारा दिला. काहींनी तो समोर ठेवून कॉन्सेप्ट मॅप काढला, काहींनी नुसता वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं, परत वाचलं, परत लिहिलं. आठवड्यानंतर परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे, आणि गंमत म्हणजे परीक्षेत मॅपच काढायला सांगितला तरीही तेच पुढे. त्या मुलांचा स्वतःचा अंदाज उलटा होता, आठवून लिहिण्याचा फारसा फायदा होणार नाही असं त्यांना वाटलेलं. मग २०१४ मध्ये त्याच दोघांनी मॅपच पुस्तक मिटून काढायला लावले, तर ते आठवून लिहिण्याइतकेच कामी आले. दोष मॅपचा नव्हताच, समोर उघड्या असलेल्या पुस्तकाचा होता.

म्हणून भाचीला कोरा कागद दिला, एकच पेन, निळं. तोंड वाकडं करून बसली. दहा मिनिटांत अर्ध्याहून कमी फांद्या आल्या, एल निनो तर पूर्ण गायब. पण वाई या वेळी एकदाच लिहिली होती, सह्याद्रीकडून तिच्याकडे एक बाण, बाणावर "ढग घाट ओलांडण्याआधीच रिकामे", आणि तिच्याकडून शेतीकडे दुसरा बाण, ज्यावर बराच वेळ पेन टेकवून ती बसली होती आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह काढून पुस्तक उघडायला गेली.