जखमेपासून उशीपर्यंत: सुगंध आणि झोपेच्या नात्याची पार्श्वभूमी

झोप लागत नाही म्हणून उशीवर लॅव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब टाकणाऱ्याला वाटतं, अरोमाथेरपी, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी करायचा उपचार, जन्मली तीच झोपेसाठी. पण या शब्दाचं मूळ एका भाजलेल्या हातात आहे.

फ्रान्समधले रने-मॉरिस गॅटफोसे हे सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातले रसायनशास्त्रज्ञ. 1910 साली त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. पेटलेल्या अंगानं ते गवतावर लोळले, आग विझली, पण पुढे हातांना गॅस गँग्रीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, झालं. त्यांनी जखम लॅव्हेंडरच्या अर्कानं धुतली आणि ती चिघळायची थांबली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ही हकीकत हल्ली भलतीच सांगितली जाते: भाजलेला हात त्यांनी शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात चुकून बुडवला आणि चमत्कार झाला! मला हा बदल खटकतो. त्यात योगायोग नव्हता. या तेलांच्या जंतुनाशक गुणांचा अभ्यास असलेल्या माणसानं जाणूनबुजून केलेला तो उपाय होता. 1937 साली त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘अरोमाथेरपी’. तेच नाव पुढे उपचारपद्धतीला चिकटलं.

पुढची पिढीही जखमांचीच. फ्रेंच लष्करी डॉक्टर ज्याँ व्हाल्ने यांनी इंडोचायनाच्या युद्धात जखमी सैनिकांवर ही तेलं वापरली आणि 1964 साली त्यांवर पुस्तक लिहिलं. इथवर अरोमाथेरपीत झोपेला फारशी जागा नव्हती.

वळण आणलं परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या मार्गरिट मोरी यांनी. तेल पोटात देण्याऐवजी ते साध्या वनस्पती तेलात पातळ करून अंगाला चोळायचं, आणि माणूस पाहून मिश्रण ठरवायचं, ही त्यांची रीत. मालिश आलं तसं स्नायू सैलावणं आलं, ताण उतरणं आलं. 1977 साली रॉबर्ट टिसरँड यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि ही पद्धत घराघरांत पोचली. जंतू मारणारं तेल असं हळूहळू मन निववणारं तेल झालं. झोपेचा दावा या प्रवासात मागाहून आला.

मात्र नवी होती ती उपचारपद्धती. संध्याकाळचा सुगंध आणि झोप ही जोडी तिच्याहून कितीतरी जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या मंदिरांत सकाळी राळ, दुपारी गंधरस आणि सूर्यास्तानंतर ‘कायफी’ नावाचा धूप जाळत, असं ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. कायफीत मध, मद्य, मनुका, गंधरस धरून सोळा जिन्नस पडत. तिच्या वासानं दिवसभराच्या चिंतांची गाठ सैल होते, झोप येते आणि स्वप्नं उजळतात, असं त्यानं नोंदवलं आहे. मला यातलं वेळापत्रक सर्वांत मोलाचं वाटतं. दिवस मावळल्याची खूण रोज एकाच वासानं द्यायची, हे त्या लोकांना उमगलं होतं.

आजच्यासारखं तीव्र तेल मात्र त्यांच्याकडे नव्हतं. त्यासाठी ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफ करून ती थंड करत अर्क काढण्याचं, तंत्र मुरावं लागलं. नवव्या शतकात अरब विद्वान अल-किंदी यांनी सुगंधी द्रव्यं आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला, तो या वाटेवरचा मोठा टप्पा.

विज्ञानाच्या नियतकालिकांत हा विषय ठळकपणे आला तो 1995 साली. ‘लॅन्सेट’मध्ये चार वृद्ध रुग्णांवरची छोटी नोंद छापून आली: झोपेची औषधं बंद केल्यावर त्यांची झोप घटली, आणि खोलीत लॅव्हेंडरचा वास सोडल्यावर ती पुन्हा पूर्वीइतकी झाली. रुग्ण अवघे चार, पण कुतूहल जागं झालं. 2005 साली 31 निरोगी तरुण-तरुणींवर अभ्यास झाला; झोपण्याआधी लॅव्हेंडर हुंगलेल्या रात्री त्यांच्या गाढ झोपेचं प्रमाण वाढलेलं आढळलं. या सगळ्या अभ्यासांची एक अडचण कायम आहे. गोळीच्या जागी खोटी गोळी देता येते, वास मात्र लपवता येत नाही. नाकाला लॅव्हेंडर कळतं, आणि त्याबरोबर ‘आता झोप येणार’ ही अपेक्षाही जागी होते. म्हणून मी या तेलाला झोपेचं औषध म्हणणार नाही. निजायच्या वेळचा आधार नक्की म्हणेन.

शरीरात काय घडतं, याचा थोडा उलगडा झाला आहे. इतर संवेदना मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत जाताना थॅलॅमस या केंद्रातून जातात. वासाला तो थांबा नसतो. तो भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. नाकातल्या वास ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधली, त्यासाठी 2004 चं नोबेल मिळालं. पुढे 2018 साली जपानमधल्या संशोधकांनी लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य उंदरांना हुंगायला दिलं. उंदीर शांत झाले; पण ज्यांची वासाची शक्ती नष्ट केली होती, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. म्हणजे तिथं काम केलं ते नाकानं.

आणि नाकाचं हे दार गाढ झोपेत जवळजवळ मिटतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाढ झोपलेल्यांच्या नाकाशी पेपरमिंटचा वास नेला, तरी ते जागे झाले नाहीत. रात्रभर डिफ्यूझर, म्हणजे हवेत सुगंध पसरवणारं उपकरण, चालू ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सुगंधाची वेळ आहे ती डोळा लागण्याआधीची, प्लुटार्कनं नोंदवलेली तीच, दिवेलागणीनंतरची.