किट कारला फायबरची बॉडी बसवणे

सुटे भाग आणून घरी उभारलेल्या मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावर काचतंतू आणि पॉलिस्टर रेझिनची पॅनेल बसवण्याचे काम. कारखान्यांच्या कागदपत्रांत या पदार्थाला एफआरपी (फायबर रीइन्फोर्स्ड प्लॅस्टिक) म्हणतात. पुण्यातल्या गॅरेजांत तो नुसता 'फायबर'. शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ साली फायबरच्याच बॉडीने बाजारात आली. आपल्याकडे १९८०च्या दशकातली सिपानी डॉल्फिन त्याच पंथातली.

पत्र्यावर बसलेला हात इथे चुकतो. पत्रा ठोकून, वाकवून जागेवर आणता येतो. फायबर ओढले तर तेही येते, पण ताण आत राहतो आणि काही महिन्यांनी बोल्टभोवती जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरात, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. म्हणून पॅनेल आणि सांगाड्याची नळी यांच्यात फट राहिली तर ती भरायची, बोल्ट आवळून मिटवायची नाही. या कामातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एवढेच.

दुसरे कारण ऊन. फायबर तापल्यावर लोखंडाच्या दुपटीहून जास्त पसरते. गाडी २० अंशांना जोडली आणि एप्रिलच्या दुपारी गडद रंगाचे पॅनेल ६५ अंशांवर, तर सावलीतला सांगाडा ३५ वर असला, तर १.८ मीटर लांबीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. त्याला जागा हवी. ६ मिमीच्या बोल्टला पॅनेलमध्ये ९ मिमीचे भोक पाडतात. प्रत्येक पॅनेलचा मधला एकच बोल्ट नेमक्या मापाच्या भोकात, बाकीचे ढिल्या भोकात. डोक्याखाली २५ मिमीचा रुंद वायसर, त्याखाली रबर. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला, हादऱ्याने न सुटणारा: रबर दबायला लागेपर्यंत पान्याने हलकेच, मग पाव फेरा. काउंटरसंक (पृष्ठभागात बुडणाऱ्या निमुळत्या डोक्याचा) स्क्रू टाळावा, कारण त्याचे डोके पाचरीसारखे भोक फाडते.

मापे घेण्यापूर्वी गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन आणि सीटसह उभी हवी. स्टँडवर चढवलेला सांगाडा वेगळा वाकतो. तिथे जमलेले दार जमिनीवर घासते. सांगाड्याची मधली रेषा दोरीने आखून घेतात. आधी मुख्य भाग, मग बिजागऱ्यांसह दारे, बॉनेट शेवटी. फटी सारख्या राहाव्यात म्हणून ५ मिमी प्लायचे तुकडे अडकवून सगळे क्लॅम्पवर ठेवतात. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, स्प्रिंग पूर्ण दाबून मडगार्ड घासते का ते पाहतात, आणि त्यानंतरच ड्रिल हातात घेतात. हे क्लॅम्पवरचे काम दोन रविवार खाते आणि ते खाऊ द्यावे.

भोक जेलकोटच्या बाजूने, वर मास्किंग टेप लावून पाडावे. आधी ड्रिल उलट फिरवून जेलकोट खरवडायचा, मग ३ मिमीचे भोक सरळ, नंतर मोठे. बोल्टपासून कडेपर्यंत निदान २० मिमी सोडावे. जिथे भार येतो, म्हणजे बिजागरी, कुलूप, आरसा, तिथे पॅनेलच्या आतून ४५० ग्रॅम मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या चटईचे) तीन-चार थर वाढवतात. एक थर भिजून साधारण एक मिलिमीटर होतो. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन-अडीच पट लागते. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. कोबाल्ट (हार्डनरचे काम वेगाने करवणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, पेट घेतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून मगच हार्डनर.

बोल्ट दिसू नयेत तिथे पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवणी वापरतात. आतल्या बाजूची चमक ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घालवून ॲसिटोनने पुसतात. मेणाचा अंश राहिला तर पॅनेल एका खड्ड्यात सुटते. नळीचा गंज साफ करून तिच्यावर प्रायमर. चिकटवणीचा थर ३ मिमी हवा, म्हणून ३ मिमीचे रबरी तुकडे मध्ये ठेवतात. दाबून पातळ केलेला थर उन्हातली हालचाल झेलत नाही. पुण्याच्या हवेत याची गंमत आहे. पीयू ओलाव्याने सुकते, त्यामुळे मेच्या कोरड्या हवेत ते रेंगाळते आणि जुलैत भराभर आवळते. पॉलिस्टर रेझिनचे नेमके उलट: ओलसर मॅटवर पांढरे डाग पडतात, थर सुटतात. पावसाळ्यात मॅट बंद पिशवीत ठेवावी.

फायबर वीज वाहत नाही, हे वायरिंग करताना हटकून विसरले जाते. पॅनेलवरच्या प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत वेगळी अर्थिंगची वायर लागते. घासताना उडणारी काचेची भुकटी कातडीला खाजवते आणि श्वासात जाते, म्हणून एन९५ मास्क आणि पूर्ण बाह्या. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास सोसायटीच्या पार्किंगमधून चौथ्या मजल्यापर्यंत जातो; शेडमध्ये काम केलेले बरे.

गाडी रस्त्यावर आणणे हा निराळा प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीत फेरफार करण्याला बांध घालते, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९चा नियम १२६ उत्पादकाला नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायला लावतो. त्यांतली एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. घरी बांधलेल्या एकट्या गाडीला हा खर्च झेपत नाही. अशा गाड्या बहुधा खासगी आवारात किंवा ट्रॅकवरच पळतात.