गचाचा न्यायालये

रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणारी ग्रामन्यायालये. गुन्ह्याची कबुली, भरपाई आणि तुटलेले संबंध सांधणे यांवर भर देणाऱ्या पुनर्स्थापक न्यायाचा हा एक मोठा प्रयोग मानतात. प्रत्यक्षात त्यात शिक्षेचा भागही बराच होता.

एप्रिल ते जुलै १९९४ मध्ये बहुसंख्य हुतू समाजातील कट्टरपंथीयांनी केलेल्या कत्तलीत अल्पसंख्य तुत्सी समाजातील लोक आणि कत्तलीला विरोध करणारे हुतू मिळून सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. सरकारी आकडा दहा लाखांवर जातो. नंतर लाखाहून अधिक संशयित तुरुंगांत कोंबले गेले, पण खटले चालवायला पुरेसे न्यायाधीश उरले नव्हते. टांझानियातील आरुशा शहरात बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तर एकूण ९३ जणांवरच आरोप ठेवले. म्हणून, पूर्वी गावातली वडीलधारी मंडळी जमीन-गुरांचे तंटे उघड्यावर बसून मिटवत, ती जुनी रीत सरकारने कायद्यात बसवली. २००२ मध्ये काही भागांत सुरुवात झाली, २००५ पासून देशभर.

ठरलेल्या दिवशी सारा गाव जमे. गावानेच निवडलेले, कायद्याचे शिक्षण नसलेले पंच राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पट्टा खांद्यावरून घालून बसत. वकील नसत. आरोपीला नुसता ‘गुन्हा कबूल’ म्हणून सुटता येत नसे: कोणाला मारले, सोबत कोण होते, प्रेत कुठे टाकले, हे सगळे सांगावे लागे. त्यातून कितीतरी कुटुंबांना आपल्या माणसांची हाडे मिळाली आणि त्यांचे रीतसर दफन करता आले. या न्यायालयांची सर्वांत ठोस कमाई हीच म्हणावी लागेल. कबुली मान्य झाल्यास तुरुंगवास घटे आणि उरलेल्या शिक्षेचा बराच भाग रस्ते, घरे, डोंगरउतारावरील बांध यांच्या श्रमकामात भोगता येई. लूट किंवा नासधुशीला मात्र कैद नव्हती, फक्त भरपाई. ती देण्याची ऐपत बहुतेकांपाशी नव्हती, आणि वाचलेल्यांसाठी सरकारी भरपाई निधी काही उभा राहिला नाही.

साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही झाले. बलात्काराची प्रकरणे २००८ पासून बंद दाराआड चालली, तरी आपल्याच गावच्या पंचांपुढे ती सांगणे अनेकींना जड गेले. सर्वांत गंभीर आक्षेप निराळा आहे: वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या तुत्सीबहुल बंडखोर संघटनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेतच नव्हत्या. एका बाजूचेच मृत मोजणाऱ्या सलोख्यावर हुतू कुटुंबांचा विश्वास बसणे अवघड होते.

जून २०१२ मध्ये ही न्यायालये बंद झाली. तोवर सुमारे १२,००० न्यायालयांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणे निकाली काढली होती. वंशसंहाराचे नवे खटले आता नेहमीच्या न्यायालयांत चालतात.