'हॉवर्ड्स एंड', बास्ट आणि वाचक

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची 'हॉवर्ड्स एंड' ही कादंबरी 1910 च्या ऑक्टोबरात आली आणि त्याचं खरं नाव झालं ते तिच्यामुळे, समीक्षकांनी बहुतेक डोक्यावरच घेतली. नाकं मुरडली ती एकाच गोष्टीला, शिकल्यासवरल्या घरातली हेलन आणि विमा कंपनीतला कारकून बास्ट यांचा शरीरसंबंध येईलच कसा? 1917 मध्ये एका कथालेखिकेने तर डायरीत टोमणा मारला की हेलनला दिवस गेले ते बास्टमुळे की त्याच्या त्या छत्रीमुळे, काही कळत नाही.

टोमणा भारीच, पण माझ्या मते सगळी मेख त्या छत्रीतच आहे. मैफिलीतून हेलन चुकून त्याची छत्री उचलून नेते, तो बिचारा मागायला घरी येतो, आणि ही त्याच्यासमोर एक शिवण उसवलेली छत्री काढून म्हणते, काय भयंकर आहे ही, माझीच असणार. तर ती त्याचीच निघते. वर्गाबद्दल पानंच्या पानं लिहूनही एवढं साधलं नसतं. आणि तोच लेखक पुढच्याच प्रकरणात म्हणतो की अगदी गरिबांशी आपल्याला कर्तव्य नाही, ते आकडेवाल्यांनी नाहीतर कवींनी बघावं. हा उपरोध की खरंच तसं म्हणायचंय, यावर वाचक आजही भांडतात. मला विचाराल तर थोडं दोन्ही, पण बास्टला शेवटी पुस्तकांच्या कपाटाखाली मारलंय ते काही पटत नाही.

1943 मध्ये एका अमेरिकन समीक्षकाने इंग्लंडचा वारसा कुणाकडे जाणार हा या कादंबरीचा प्रश्न आहे असं मांडलं, मग चर्चा त्याच अंगाने गेली. 1992 चा सिनेमा (निर्माता आपल्या मुंबईत जन्मलेला) तीन ऑस्कर घेऊन गेला आणि नवे वाचक आले ते थेट त्यातल्या हॉवर्ड्स एंड नावाच्या घराच्या, बागेच्या प्रेमात पडूनच, बास्ट मागे राहिला.

गंमत म्हणजे घराचं भांडण खरोखरचंही झालंय. कादंबरीतलं घर ज्यावरून घेतलं ते लेखकाचं लहानपणचं घर लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेजजवळ, आणि 1946 मध्ये तिथेच लंडनच्या गर्दीतल्या लोकांसाठी नवं शहर जाहीर झालं. पुढे वाचकांनी तिथली शेतं वाचवायला मोहीम चालवली, पण नवी घरं कुणासाठी होती, बास्टच्या नातवंडांसाठीच ना? लेखक मात्र 1946 मध्येच रेडिओवर बोलला की लोकांना घरं हवीतच, तरी काहीतरी कायमचं गेलं असंही वाटतं, आणि या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही.