मॅक मोहन

मॅक मोहन (२४ एप्रिल १९३८ – १० मे २०१०) : हिंदी पिक्चरमधले सहाय्यक अभिनेते. मूळ नाव मोहन माकीजानी. 'शोले'तला (१९७५) सांभा कोण हे वाचकाला सांगायची गरज नाही, पण त्यांची सुरुवात एका युद्धपटातून झाली हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिलीय.

आधी नावाचं बघू, कारण त्यात घोळ फार. आपल्याकडे नागपुरात जरीपटक्यात नाहीतर खामल्याच्या सिंधी कॉलनीत दुकानांच्या पाट्या वाचत गेलं तर 'आनी'वर संपणारी आडनावं रांगेनं दिसतात, हा 'आनी' म्हणजे अमक्या पूर्वजाचे वंशज. मराठीत कोणी माकीजानी लिहितं, कोणी मखिजानी, कोणी माखीजानी. 'मॅक' हे याच आडनावाचं तुटलेलं टोक असावं हेच जास्त पटतं. 'डॉन'मध्ये (१९७८) पात्राचंही नाव मॅकच होतं, त्यामुळे नाव पात्रावरून पडलं असं समजणारे भेटतात, पण 'डॉन' आला तोवर हे नाव चांगलं रुळलेलं होतं.

जन्म कराचीचा. वडील ब्रिटिश काळातल्या फौजेत कर्नल, १९४० च्या आसपास त्यांची बदली लखनऊला झाली आणि पोराचं शिक्षण तिथेच झालं. क्रिकेटर व्हायचं म्हणून १९५२ मध्ये मुंबईला आले असं सगळीकडे छापलेलं असतं, तेव्हा वय जेमतेम चौदा, त्यामुळे हे साल जरा सांभाळूनच घ्यावं. पुढे नाटक, फिल्मालयात अभिनयाचं शिक्षण, आणि मग दिग्दर्शक चेतन आनंद यांच्याकडे असिस्टंट.

त्या असिस्टंटगिरीतूनच 'हकीकत'मध्ये (१९६४) पडद्यावर आले. १९६२ च्या चीन युद्धावरचा, लडाखमध्ये शूट केलेला हा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, बलराज साहनी, धर्मेंद्र, विजय आनंद, जयंत वगैरे मोठी नावं, आणि मॅक मोहन चौकीवरच्या जवानांपैकी एक. गायक भूपिंदर सिंगही याच पिक्चरमध्ये जवान म्हणून दिसतात. हा पिक्चर थेट लडाखमधल्या रेझांग ला खिंडीतल्या लढाईची कथा आहे असं बरेच लोक लिहितात. रेझांग लाला १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊं या पलटणीची चार्ली कंपनी लढली. पडद्यावरचे अधिकारी मात्र काल्पनिक आहेत, घटनाक्रमही जुळत नाही, म्हणून 'त्या लढाईची छाया असलेला' एवढंच म्हणणं बरं. दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

असल्या पिक्चरमध्ये छोट्या कलाकाराचं काम म्हणजे तुकडीत मिसळून जाणं, चेहरा दिसला पाहिजे पण वेगळा उठून यायला नको, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. कर्नलच्या घरात वाढलेल्या माणसाला उभं राहणं, बंदूक धरणं शिकवावं लागलं नसेल (हा आपला अंदाज बरं का). गंमत म्हणजे अकरा वर्षांनी 'शोले'तही काम तेच मिळालं, उंचावर बंदूक घेऊन पहारा, फक्त बाजू डाकूंची. तिथे 'पूरे पचास हजार' एवढंच बोलले असं म्हणतात तेही पूर्ण खरं नाही, पत्ते खेळताना जंगा या दुसऱ्या डाकूला उद्देशून अजून एक वाक्य आहे. या रोलच्या शूटिंगसाठी मुंबई-बंगलोर २७ फेऱ्या झाल्या असं सांगतात, आकडा थोडा फुगलेला असू शकतो. इकडे कॉलेजात गच्चीच्या कठड्यावर एकटा बसलेला पोरगा दिसला की अजूनही 'का बे सांभा' अशी हाक जाते.

बाकी कारकीर्द म्हणजे व्हिलनच्या मागे उभं राहायचं : 'जंजीर', 'काला पत्थर', 'शान'. 'कर्ज' (१९८०) तेवढा वेगळा, त्यात मालक सर जुडा (प्रेमनाथ) मुका, तो ग्लासवर बोटं वाजवणार आणि त्याचा अर्थ मॅक मोहन बोलून दाखवणार, म्हणजे इथे बॉस गप्प आणि चमचा बोलतोय. पिक्चरची संख्या दोनशेच्या वर धरतात.

अभिनेत्री रवीना टंडन त्यांची भाची. मुलगी मंजरी दिग्दर्शक झाली. 'लक बाय चान्स'मध्ये (२००९) ते स्वतः मॅक मोहन म्हणूनच आले, अ‍ॅक्टिंग क्लासचे पाहुणे, आणि तिथल्या पोरांनी त्यांना तेच तीन शब्द म्हणायला लावले. पुढच्याच वर्षी मुंबईत फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले.