हेझन पिंग्री

हेझन पिंग्री (1840–1901) हा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा बुटांचा कारखानदार, नंतर तिथलाच महापौर आणि मग मिशिगन राज्याचा गव्हर्नर. जन्म मेन राज्यातल्या डेन्मार्क गावचा, लहानपणीच कामाला लागला, आधी कापडगिरणीत मग बुटांच्या कारखान्यात. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने लढताना पकडला गेला आणि दक्षिणेच्या अँडरसनव्हिल या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या भयंकर कैदेतून जिवंत बाहेर आला. 1866 मध्ये चार्ल्स स्मिथ या पार्टनरसोबत डेट्रॉइटमधला एक छोटा कारखाना घेतला आणि पुढच्या वीस वर्षांत तिथे शेकडो कामगार झाले.

1889 ला रिपब्लिकन पक्षाने त्याला महापौरपदाला उभं केलं, व्यापारी माणूस आहे, आपल्याच बाजूचा राहील असं शहरातल्या बड्या लोकांना वाटलं असणार, पण निवडून आल्यावर त्याने सुधारणांची सुरुवात रस्त्यांच्या कंत्राटदारांपासूनच केली, कारण लाकडी ठोकळ्यांचे रस्ते अक्षरशः कुजत होते. 1891 च्या ट्राम संपात त्याने कंपनीसाठी सैन्य बोलवायला नकार दिला. नंतर पाच सेंटच्या तिकिटाला टक्कर म्हणून स्वस्त भाड्याची दुसरी ट्राम कंपनी आणली, आणि 1895 मध्ये रस्त्यावरच्या दिव्यांसाठी शहराचं स्वतःचं वीजकेंद्र सुरू केलं.

पण त्याचं खरं मोठं काम म्हणजे बटाटे! 1893 च्या मंदीत हजारो लोक बेकार झाले, त्यात पोलिश आणि जर्मन स्थलांतरित खूप. शहरात रिकामे प्लॉट नुसते पडून होते, ते त्याने मालकांकडून वापरायला मागून घेतले, बेकार कुटुंबांना नांगरून दिले, बियाणं दिलं, आणि पिकेल ते त्या कुटुंबाचं. चर्चमध्ये वर्गणी मागितली तर अगदीच किरकोळ जमली, तेव्हा पिंग्रीने स्वतःचा उमदा घोडा लिलावात विकला. पेपरवाल्यांनी टिंगल केली पण 1894 च्या पहिल्याच हंगामात सुमारे 430 एकरांवर बटाटे, शेंगा, सलगम पिकले आणि साधारण साडेनऊशे कुटुंबांना आधार झाला, मग न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियानेही हेच केलं. मदत देऊनही कोणाला लाचार न करणारी अशी योजना त्या काळात फार कमी दिसते.

1897 मध्ये गव्हर्नर झाल्यावर महापौरपदही सोडायचं नव्हतं त्याला, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दोन्ही पदं एकत्र ठेवता येणार नाहीत असं ठरवलं. रेल्वे कंपन्यांनी मालमत्तेच्या किमतीवर टॅक्स भरावा यासाठी तो शेवटपर्यंत भांडला, त्यासाठीचा कायदा कोर्टात रद्द झाला तरी सोडलं नाही, शेवटी 1900 मध्ये मतदारांनी मिशिगनच्या राज्यघटनेतच दुरुस्ती मंजूर केली. जून 1901 मध्ये आफ्रिकेहून परतताना लंडनमध्ये तो वारला. डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमधला त्याचा पुतळा लोकवर्गणीतून झालाय.