इनबॉक्समधून सामायिक पानाकडे : सहयोगी वेब-तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी

सोशल मीडियाचा व्यवसायाला उपयोग काय, असे विचारले की उत्तर बहुधा जाहिरातीपासून सुरू होते. मात्र मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये चार उद्योगक्षेत्रांच्या अभ्यासातून या तंत्रज्ञानाचे संभाव्य मूल्य वर्षाला ९०० ते १,३०० अब्ज डॉलर असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा त्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा कंपनीअंतर्गत आणि कंपन्यांमधील सहकार्याचा होता. हा वाटा इतका मोठा का, हे समजण्यासाठी ईमेलपर्यंत मागे जावे लागते.

ईमेलने कार्यालयीन पत्रव्यवहार वेगवान केला, पण माहिती बंदिस्तच राहिली. ग्राहकाच्या एखाद्या किचकट तक्रारीवर तोडगा सापडला, तर तो विचारणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. सहा महिन्यांनी त्याच तक्रारीशी झगडणारा नवा कर्मचारी पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि कोणीतरी पुन्हा तेच उत्तर टंकतो. १९८९ मध्ये आलेल्या लोटस नोट्स या कार्यालयीन सॉफ्टवेअरने सामायिक डेटाबेसची सोय केली खरी, परंतु कोणती माहिती कोणत्या चौकटीत भरायची हे आधी कोणीतरी आखून द्यावे लागे.

ही आखणीच वगळण्याचे धाडस अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिल्या विकीद्वारे, म्हणजे सर्वांना संपादित करता येणाऱ्या संकेतस्थळाद्वारे, केले. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येई आणि रचना वापरातून आकार घेई. (विकी हा हवाईयन शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे, होनोलुलू विमानतळावरील बससेवेच्या नावावरून तो उचलला गेला.)

खुलेपणातून पैसा कसा उभा राहतो, याचे ठळक उदाहरण खाणकामासारख्या गुप्तताप्रिय उद्योगातून आले, हे विशेष. कॅनडातील गोल्डकॉर्पचे प्रमुख रॉब मॅकइवेन यांनी २००० मध्ये रेड लेक खाणीची भूगर्भीय माहिती इंटरनेटवर खुली केली आणि सोने कोठे सापडेल हे सुचवणाऱ्यांसाठी एकूण ५,७५,००० डॉलरची बक्षिसे जाहीर केली. पहिले बक्षीस मिळाले ते ऑस्ट्रेलियातील चमूने तयार केलेल्या त्रिमितीय प्रतिमानाला.

२००६ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अँड्र्यू मॅकॅफी यांनी या प्रवाहाला ‘एंटरप्राइझ २.०’ हे नाव दिले. ईमेलसारखे खासगी ‘चॅनेल’ आणि लिहिलेले सर्वांना दिसते असा ‘प्लॅटफॉर्म’, हा त्यांनी केलेला भेद मला त्या नावापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. त्याच वर्षी आयबीएमने ऑनलाइन विचारमंथनात १०४ देशांतील दीड लाखांवर लोकांना सामील करून घेतले आणि निवडक कल्पनांसाठी १० कोटी डॉलर राखून ठेवले. सूचना झपाट्याने जमल्या, पण त्या चाळण्याचे किचकट काम अखेर माणसांनाच करावे लागले.

त्यानंतर बाजार फोफावला. कंपनीअंतर्गत सोशल नेटवर्क असलेले यॅमर २००८ मध्ये आले आणि २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १.२ अब्ज डॉलरला विकत घेतले; कार्यालयीन गप्पा-संदेशांचे स्लॅक २०१३ मध्ये अवतरले आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेले. गंमत अशी की, स्लॅकने आपल्या खुल्या चर्चाकक्षांनाच ‘चॅनेल’ म्हटले. तिथले बोलणे सर्वांना दिसते, शोधताही येते, पण ते भराभर वर सरकत जाते. म्हणून चर्चेत ठरलेला निर्णय कोणीतरी उचलून विकीच्या पानावर नोंदवतो आणि त्या पानाचा दुवा पुन्हा चॅनेलमध्ये टाकतो.